पाणी निवळलं त्या आठवड्यात

पाणी हिरवं झालं की शेंबड्या पोरालाही कळतं. ते वाईट झालंय की नाही हे कळायला मात्र माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवतात, आणि ठेवल्यावर त्यांचं ऐकत नाहीत.

मी जलाशयाच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा म्हणजे बांधाच्या टोकाला दोन खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत मायक्रोस्कोप, फ्रिज आणि बाटल्या. दुसरीत खुर्च्या, ज्यांवर भेटीला आलेले साहेब लोक बसतात आणि इथल्या वाऱ्याचं कौतुक करतात. दर आठवड्याला नावाड्याबरोबर पाण्यात जायचं, काळीपांढरी थाळी दोरीने खाली सोडायची, ती किती खोलवर दिसेनाशी होते ते बघायचं, वेगवेगळ्या थरांतलं पाणी बाटल्यांत भरून आणायचं. मग रोज सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावून पाण्यातल्या शेवाळाच्या पेशी मोजत बसायचं. मान आखडते, डोळे चुरचुरतात. माझी थोरली बहीण म्हणायची, "आईने पोटाला चिमटा काढून हिला शिकवलं, आणि ही जाऊन बसली डबक्यात." ताई मला बेडकी म्हणायची. माझं खरं नाव आमच्या घरात फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात थाळी हातभर खाली गेली की गडप व्हायची. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग पसरला होता, आणि वारा ज्या काठाला लोटायचा तिकडे तो सायीसारखा जाड बसला होता. नावाडी नाकाला रुमाल बांधून इंजिन चालवायचा. बगळे त्या काठाला फिरकेनासे झाले. पहारेकऱ्याचं कुत्रं ते पाणी प्यायलं आणि संध्याकाळच्या आत पाय ताठ करून पडलं. त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याने त्याला बांधाखाली पुरलं आणि मला विचारलं, "मॅडम, हेच पाणी ना आपण पितो?"

हेच पितो. पण मधे गाळणी असते, आणि त्यात एक मेख आहे. हे निळंहिरवं शेवाळ विष स्वतःच्या पोटात घेऊन फिरतं. पेशी शाबूत असेल तोवर विष बहुतेक आतच राहतं. जलशुद्धीकरण केंद्रावरच्या वाळूत पेशी अडकली की तिच्याबरोबर विषही अडकतं. पेशी फुटली की ते पाण्यात मिसळतं. मग उकळा नाहीतर गाळा, ते हलत नाही. केंद्रावर त्याला धरून ठेवते ती फक्त कार्बनची भुकटी, म्हणजे कोळशाची खास बारीक पूड. पिणाऱ्याच्या पोटात थोडं विष गेलं तर पोट बिघडेल, यकृताला त्रास होईल, माणूस बहुधा निभावून नेईल. पण ज्याचं रक्तच त्या पाण्याला लावून धुतात, त्याचं काय?

माझ्या ताईचं रक्त असं धुवायचे. तिच्या दोन्ही किडन्या कधीच्या संपावर गेल्या होत्या. एक दिवसाआड ती गावातल्या हॉस्पिटलात डायलिसिसला जायची, मशीनला जोडून घ्यायची आणि नर्सपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची टिंगल करत पडून राहायची. तिथल्या टेक्निशियन मुलीला ती सुईबाई म्हणायची. मशीनमध्ये पातळ पडद्याच्या अलीकडे रक्त आणि पलीकडे पाणी वाहतं. एका वेळेला पिंपभर पाणी लागतं. म्हणून वॉर्डाची स्वतःची वेगळी गाळणी असते. ती नीट असली तर हे विषही पलीकडे जात नाही. मी जाऊन सुईबाईला विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, "गाळणीच्या मेन मशीनचे पडदे फाटलेत. नवे मागवलेत, येतील. तोवर जुन्या टाकीवर भागवतोय."

मी त्याच दिवशी भावोजींना सांगितलं, ताईला इथे आणायचं नाही. भावोजी म्हणजे ताईचे नवरे. मितभाषी माणूस, सांगितलेलं काम कुरकुर न करता करणार. ते तिला लांबच्या शहरातल्या खाजगी केंद्रात न्यायला लागले. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. ताई घरी यायची ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी होऊन.

"बेडके, तुझं डबकं कधी साफ होणार गं?" ती सोफ्यावर आडवी होऊन विचारायची. "रक्त तिकडे धुतात, आणि येताना रस्त्यातले खड्डे माझी हाडं धुतात."

"माझा आकडा खाली येऊ दे. मग तुला सांगते."

"तुझा आकडा माझ्या सासूसारखा आहे. खाली यायचं नावच घेत नाही."

आकडा म्हणजे पेशींची संख्या. आमचा सगळा कारभार या एका आकड्यावर चालायचा. मी सकाळी मोजायचे आणि जलशुद्धीकरण केंद्रावर फोन करायचे. तिथे कार्बन टाकणारा माणूस होता. त्याला सगळे कोळसेमामा म्हणायचे, कारण तो कायम डोक्यापासून पायापर्यंत काळा असायचा. ती भुकटी असतेच तशी; कानात, नखांत, भुवयांत जाऊन बसते. आकडा ठरल्या रेषेच्या वर असला की मामा कार्बनची पोती फोडायचे, खाली असला की बंद ठेवायचे. नियम साधा होता आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. पेशी जास्त म्हणजे धोका जास्त, पेशी कमी म्हणजे धोका कमी. यात चूक काय, असं कोणीही म्हणालं असतं.

गावात बोंब झाली. लोक बाटल्यांत वासाचं पाणी भरून पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या दारात येऊन उभे राहायला लागले. साहेब वाईट माणूस नव्हते. कोणी मोठ्या आवाजात बोललं की त्यांना घाम फुटायचा, एवढंच. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मोरचूद टाकू या."

मोरचूद, म्हणजे शेवाळ मारणारं तांब्याचं निळं मीठ, आम्ही दरवर्षी टाकायचो, पण हंगामाच्या सुरुवातीला, शेवाळ जेमतेम धरत असताना. या वर्षी नावेचं इंजिन बिघडलं, ते दुरुस्तीत महिनोन्महिने पडून राहिलं, आणि तोवर जलाशय शेवाळाने गच्च भरला होता.

"आता नको, साहेब," मी म्हटलं. "आता टाकलंत तर सगळ्या पेशी एकदम फुटतील. पोटातलं सगळं पाण्यात येईल."

"मग काय करू? पाणी बंद करू?"

"खालच्या दरवाजातून घ्या. खोलवर शेवाळ कमी आहे."

"तो गंजलाय. हलत नाही. तुम्ही मोजता मॅडम, पुरवायचं मला असतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी गिळलं. "टाकणारच असाल तर एक करा. कार्बन चालू ठेवायला सांगा. माझा आकडा खाली आला तरी. पाणी स्वच्छ दिसलं तरी. निदान काही आठवडे."

साहेबांनी मान हलवली. त्यांची मान फार सैल होती. तक्रारीला हलायची, कौतुकाला हलायची, पंख्याच्या वाऱ्यानेही हलायची. मला ते माहीत होतं. तरी मी त्या हललेल्या मानेला हुकूम समजून खोलीबाहेर पडले. मामांना मी स्वतः एक फोन करायला हवा होता. केला नाही. साहेबांचं काम आपण करायला गेलं की त्यांना राग येतो, हा विचार मी केला, आणि हा विचार आठवला की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मोरचुदाची पोती नावेमागे बांधून पाण्यातून ओढली. मागे निळ्या रेघा उमटत गेल्या. काही दिवसांत तवंग तपकिरी झाला, फाटला, बुडाला. मग एके सकाळी मी थाळी सोडली आणि ती खाली खाली जात राहिली, दिसत राहिली, दोरी संपत आली तरी दिसत होती. नावाड्याने तोंडावरचा रुमाल सोडला आणि गाणं म्हणायला लागला. मायक्रोस्कोपखाली जवळजवळ काहीच नव्हतं. रिकाम्या कातड्यांसारखे काही तुकडे, बस. मी शून्य आकडा कळवला. तो खरा होता. इतकी वर्षं मी एकही आकडा वरखाली केला नव्हता, आणि याचा मला चांगलाच ताठा होता.

साहेबांनी वर्तमानपत्रात फोटो छापून आणला. हातात पाण्याचा ग्लास, मागे निळंशार पाणी. आणि मी ताईकडे गेले.

"ताई, झालं एकदाचं. आता इथेच जा."

"नक्की?"

"आकडा शून्यावर आलाय. वरून कार्बन चालू आहे. बिनधास्त जा."

तिने माझे दोन्ही गाल ओढले, लहानपणी ओढायची तसे. भावोजींनी पहिल्यांदाच माझ्यासमोर सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "सुटलो." त्या घरात त्या संध्याकाळी सगळे हसत होते. माझ्या शब्दावर.

ताई इथे पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा तिचं डोकं दुखलं. दुसऱ्यांदा उलट्या झाल्या. फोनवर म्हणाली, जेवण बाधलं असेल. मीही म्हटलं, असेल.

तिच्या तिसऱ्या फेरीच्या दिवशी मला केंद्रावरून रिकाम्या बाटल्या आणायच्या होत्या. पंपघराच्या दारात कोळसेमामा बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, गुळगुळीत दाढी, केसांना तेल. मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

"काय मामा, आज कुठे लग्नाला?"

"कसलं लग्न मॅडम," ते लाजून हसले. "कितीतरी दिवसांनी नखं पांढरी दिसतायत. बायको म्हणाली, आता कुठे माणसात आलात."

मीही हसले. हसता हसता त्यांच्या नखांकडे पाहिलं आणि मग दारातून आत. त्यांच्या मागे कार्बनची पोती छताला भिडवून रचलेली होती, शिवण न उसवलेली. भुकटी कालवायचं पिंप कोरडं ठणठणीत होतं. पिंपाच्या काठावर कोणीतरी रुमाल वाळत घातला होता.

"मामा, कार्बन कधी बंद केलात?"

"कधी म्हणजे? तुमचा आकडा शून्यावर आला त्याच दिवशी. नियमच आहे ना."

"साहेबांनी सांगितलं नाही? चालू ठेवा म्हणून?"

"नाही बुवा. त्यांचा फोनच नाही."

म्हणजे पेशी फुटल्या होत्या, विष पाण्यात मोकळं झालं होतं, आणि नेमक्या त्याच घडीला, माझ्या खऱ्या, चोख, एकही पेशी न चुकवलेल्या आकड्याने त्याच्यासमोरचं शेवटचं दार उघडून दिलं होतं.

"लगेच सुरू करा," मी म्हटलं.

"मॅडम, असं कसं करू? आकडा नाहीतर साहेबांचा हुकूम, दोन्हीपैकी एक पाहिजे. मागे एकदा मी मनाने पोती फोडली तर किती ऐकून घेतलं मी."

मी साहेबांना फोन लावला. बंद. परत लावला. ऑफिसातल्या पोऱ्याने सांगितलं, साहेब कुठल्याशा सभागृहात आहेत, स्वच्छ पाण्यावर भाषण आहे. मामा माझ्याकडे बघत होते. आडमुठेपणाने नाही, घाबरून. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता. आणि त्या वेळी ताई वॉर्डात मशीनला जोडलेली होती.

"आकडा घ्या," मी म्हटलं. "पन्नास हजार."

"सकाळी तर शून्य होता."

"परत मोजला. पन्नास हजार."

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं. त्यांनी पांढरा शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि पहिलं पोतं फोडलं. पिंपातून काळी धार वाहायला लागली तशी मी पळाले.

वॉर्डाच्या दारातच मी ओरडले, "मशीन बंद करा. सगळी." सुईबाई उठून उभी राहिली. डॉक्टर नव्हते. तिने मला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, माझ्या. आणि पाण्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. त्या पोरीचा चेहरा पांढरा पडला. पण ती हलली. "डॉक्टर मला फाडून खातील," असं पुटपुटत ती एकेका पलंगाकडे जाऊन मशीन थांबवत, चिमटे लावत सुटली. लोक घाबरून विचारत होते, काय झालं. ताईच्या शेजारच्या पलंगावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, माझे अजून दोन तास बाकी आहेत." ताई उशीवर मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"बेडके, काय केलंस तू?" ती म्हणाली. ती मशीनबद्दल विचारत होती.

सुईबाईने वॉर्डाची टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, पुन्हा धुतल्या. योग्यच केलं. कार्बनमुळे केंद्रातलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत निर्धोक झालं. तेही योग्यच. आणि ज्या बाईने आयुष्यभर बाटल्या भरण्यापलीकडे काही केलं नाही, तिने त्या धावपळीत एकही बाटली भरली नाही. ना केंद्रावर, ना वॉर्डात, ना घरच्या नळाखाली. विष होतं याचा थेंबभर पुरावा माझ्याकडे नव्हता.

ताईचे डोळे पिवळे व्हायला लागले. तिला अतिदक्षता विभागात हलवलं. मास्तरांनाही हलवलं, आणि आणखी काही जणांना. मी ताईच्या उशापायथ्याशी बसून होते तेवढ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि आमचा जलाशय धुऊन निघाला. नंतर तिथून नमुने नेले, त्यांत नाव घेण्यासारखं काही सापडलं नाही. मास्तर गेले. "किडनीचे पेशंट," लोक म्हणाले, "होतं असं."

चौकशी झाली. लांब टेबल, तीन माणसं, आणि कडेला साहेब.

"त्या दिवशी तुम्ही केंद्राला पन्नास हजार हा आकडा सांगितला?"

"हो."

"तो खरा होता?"

"नाही."

"मग तुमचं बाकीचं बोलणं आम्ही खरं का मानायचं?"

मी सगळं सांगितलं. पेशींचं, मोरचुदाचं, कार्बनचं. ते ऐकत होते, पण त्या 'नाही' नंतर कोणी काही टिपून घेतलं नाही. मी साहेबांना विचारलं, कार्बन चालू ठेवायचं तुम्ही कबूल केलं होतं ना? ते म्हणाले, असं बोलणं झाल्याचं आठवत नाही. ते खोटं बोलत असतील असंही मला वाटत नाही. मान हलवलेली कोण लक्षात ठेवतं? वर ते म्हणाले, "मॅडमच्या घरची परिस्थिती आपण समजून घेतली पाहिजे." मायेने बोलून माणसाला कसं निकालात काढतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मला कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. बाहेर पडले तेव्हा नावाडी फाटकाशी थांबला होता. तो म्हणाला, काठाला पुन्हा हिरवं धरायला लागलंय, आणि मोरचुदाची नवी पोती धक्क्यावर उतरलीत.

वॉर्ड परत सुरू झाला होता. गाळणीचे नवे पडदे अजून आले नव्हते.

मी ताईला सगळं सांगितलं. तिच्यापासून मी कधी काही लपवलं नाही. ती अधूनमधून ग्लानीत जायची, पण त्या दुपारी शुद्धीवर होती. भावोजी खिडकीपाशी उभे होते. मशीन बंद केलं त्या दिवसापासून ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

"मी किती पिवळी दिसतेय गं?" ताईने विचारलं.

"थोडी."

"पिवळा रंग मला कधीच शोभला नाही." मग म्हणाली, "तू जा म्हणालीस म्हणून मी गेले, हेच तुला खातंय ना?"

"हो."

"खरंच आहे ते. उगाच नाही म्हणणार नाही मी." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. "पण मला इथेच यायचं होतं. तू नको म्हणाली असतीस तर भांडून आले असते. हेही खरं आहे. दोन्ही धर."

मी रडायला लागले. पुराव्याचं बोलले, एक बाटली, ताई, एक बाटली भरली असती तर त्यांना धक्क्यावरची ती पोती उचलावी लागली असती.

"पाण्यातून गेलं म्हणतेस. माझ्यातून गेलं का?"

मी नाक पुसत राहिले.

"बोल ना. तू शिकलेली ना?"

"यकृतात राहतं ते. बराच काळ."

"मग घे की."

"ताई, असं घेता येत नाही. माणूस..."

"बरं," ती म्हणाली. "मग नंतर घे. अहो, ऐकलंत का? तिला घेऊ द्या." भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी मान हलवली नाही. ते वळले, पलंगापाशी आले आणि म्हणाले, "देईन."

ताई त्या आठवड्यातच गेली. सासरचे नातेवाईक जमले, आणि बाईने आयुष्यभर सुया टोचून घेतल्या, आता मेल्यावर तरी तिला सोडा, असं म्हणून माझ्या अंगावर आले. तिच्या थोरल्या दिराने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं पोट भरलं नाही का अजून?" मी भिंतीला टेकून उभी होते. भावोजी माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "तिने सांगितलंय." मग आत जाऊन सही करून आले.

डॉक्टरांनी यकृताचा तुकडा बर्फाच्या डब्यात ठेवून त्याला सील लावलं, पुन्हा कोणी माझ्या हाताकडे बोट दाखवायला नको म्हणून. ते परीक्षण करणारी प्रयोगशाळा दूरच्या शहरात होती आणि हॉस्पिटलची गाडी कधी मिळेल याचा नेम नव्हता. "मी नेतो," भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू चल. बर्फाचं तुला कळतं."

पुढे त्या डब्यातून विष निघालं. निघणारच होतं. धक्क्यावरची पोती परत गेली, वॉर्डाला पडदे आले, साहेबांची बदली झाली. लोक म्हणाले, तुझं खरं ठरलं. असेल. मला त्यातलं काहीच धड आठवत नाही. आठवतं ते हॉस्पिटलच्या मागचं अंगण, उन्हात तापलेली भावोजींची गाडी, आणि माझ्या हातातल्या डब्याचं वजन, जे मला वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी होतं.

मी मागचं दार उघडलं आणि डबा सीटवर ठेवायला वाकले. भावोजींनी माझं मनगट धरलं.

"मागे नको," ते म्हणाले. "मागे बसलं की तिला मळमळतं."

मी पुढे बसले. डबा मांडीवर घेतला आणि आम्हा दोघींना मिळून एकच पट्टा लावला. भावोजींनी गाडी हळू काढली.